उष्णता पंप : थंड प्रदेशांतील गृहतापन

बाहेरची हवा, जमीन किंवा पाणी यांतील उष्णता शोषून ती वाढीव तापमानाला घरात सोडणारे यंत्र. बाजारात हीट पंप हेच नाव रूढ आहे. चक्र रेफ्रिजरेटरचेच : बाष्पकात प्रशीतक (चक्रात फिरणारा, कमी तापमानाला उकळणारा द्रव) उकळते, कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून तापवतो, संघनकात ती उष्णता पाण्याला देऊन द्रवरूप होते आणि प्रसरण झडपेतून परत बाष्पकात येते. येथे घर तापवणारे पाणी गरम करणाऱ्या बॉयलरच्या जागी बसवल्या जाणाऱ्या, बाहेरच्या हवेतील उष्णता त्या पाण्याला देणाऱ्या हवा-ते-पाणी प्रकाराचाच मुख्यतः विचार केला आहे.

उगम : पहिला उष्णता पंप कोणाचा याविषयी एकमत नाही. उष्णता एंजिन उलटे चालवून इमारती तापवता येतील, हे विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५२ मध्ये मांडले. मात्र त्यांची योजना हवा हेच कार्यद्रव्य धरून होती. ऑस्ट्रियातील एबेनझे येथील मीठ कारखान्यात पेटर फोन रिटिंगर यांनी १८५५–५७ च्या सुमारास मिठवणीतून निघणारी वाफ दाबून तीच पुन्हा मिठवणी आटवण्यास वापरली. काही लेखक त्यांनाच आद्य मानतात, पण त्यांच्या यंत्रात बंद चक्रात फिरणारे प्रशीतक नव्हते. बंद चक्राची कसोटी लावावी, तर धागा जेकब पर्किन्स यांच्या १८३४ च्या पेटंटाशी पोचतो. तेथे हेतू शीतनाचा होता. जमिनीतील उष्णता वापरण्याविषयीचे हाइन्रिख त्सोली यांचे स्विस पेटंट १९१२ चे. स्कॉटलंडमधील स्वतःच्या घरी टी. जी. एन. हॉल्डेन यांनी केलेले प्रयोग साधारणपणे १९२० च्या दशकाच्या अखेरचे मानले जातात. झुरिकच्या नगरभवनात लिमाट नदीच्या पाण्यावर चालणारा पंप १९३८ मध्ये बसला. रिटिंगर यांचे यंत्र बाष्पनतंत्राच्या इतिहासात ठेवून गृहतापनाची वंशावळ हॉल्डेन यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पाण्याचे तापमान : मिळालेली उष्णता भागिले खर्चलेली वीज म्हणजे कार्यगुणांक. त्याची सैद्धांतिक कमाल मर्यादा केल्व्हिनमधील पाण्याच्या तापमानाला पाणी व बाहेरची हवा यांच्या तापमानांतील फरकाने भागून मिळते. बाहेर −१५° से. असताना ३५° से.च्या पाण्यासाठी ती ३०८/५०, म्हणजे ६.२ येते, तर ५५° से.साठी ३२८/७०, म्हणजे ४.७. प्रत्यक्ष यंत्र याच्या ४० ते ५० टक्के गाठते. बाहेरची थंडी कोणाच्या हातात नाही, पाण्याचे तापमान मात्र असते. म्हणून बदलाची सुरुवात पंपापासून नव्हे, रेडिएटरपासून (आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारे धातूचे फलक) करावी.

रेडिएटरची छापील क्षमता पाण्याचे सरासरी तापमान खोलीपेक्षा ५०° ने जास्त धरून दिलेली असते. पाणी ५५° ला जाऊन ४५° ला परतत असेल आणि खोली २०° वर असेल, तर फरक ३०° उरतो व क्षमता त्या प्रमाणाहूनही जास्त घटून ५१ टक्क्यांवर येते. कडाक्याच्या थंडीत जुनाच बॉयलर ५५° वर लावून दोन दिवस पाहावे. ज्या खोल्या गार पडतील तेवढ्यांचेच रेडिएटर मोठे घ्यावे लागतात.

नळ्यांकडे अनेकदा दुर्लक्ष होते. बॉयलरमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या पाण्यात २०° चा फरक चालतो, पंपाला सुमारे ५° चा लागतो. म्हणजे ८ किलोवॉटसाठी मिनिटाला ६ लिटरच्या जागी २३ लिटर पाणी वाहायला हवे. १० मिमी.च्या नळ्यांत ते घुसमटते, आवाज होतो आणि प्रवाह अपुरा असल्याची खूण दाखवून यंत्र बंद पडते.

पंपाची क्षमता खोलीनिहाय उष्णताऱ्हास मोजून ठरवावी. जुन्या बॉयलरवरील आकडा बहुधा फुगीर असतो. तो धरून घेतलेला मोठा पंप सौम्य थंडीत सारखा चालू-बंद होतो व कॉम्प्रेसर झिजतो.

दंव व गोठण : बाष्पकावर दंव सर्वांत जास्त साचते ते शून्याच्या आसपासच्या दमट हवेत, −२०° ची हवा कोरडी असते. दंव वितळवण्यासाठी चारमुखी झडप चक्र उलटवते आणि काही मिनिटे घरच्या पाण्यातील उष्णता बाहेर नेते. खोल्यांच्या सगळ्या झडपा त्या वेळी बंद असतील, तर ती मिळत नाही आणि दंव अर्धवटच निघते. वितळलेले पाणी खाली गोठले की बर्फाचा ढीग वर चढत पंख्याच्या पात्यांना लागतो. त्यामुळे यंत्र हिमथराच्या वर राहील अशा उंच चौकटीवर, खाली खडी घालून बसवतात.

वीज गेल्यास बाहेरच्या नळ्यांतील पाणी गोठून उष्णता-विनिमयक फुटू शकतो. त्यासाठी पाण्यात ग्लायकॉल (गोठणबिंदू खाली आणणारा द्रव) मिसळतात किंवा पाणी गोठणबिंदूजवळ येताच ते सोडून देणारी झडप लावतात. ग्लायकॉलमुळे पाण्याची उष्णताधारकता थोडी घटते, म्हणून प्रवाह वाढवावा लागतो.

खर्च : एकक ऊर्जेमागे वीज बॉयलरच्या इंधनवायूच्या तिप्पट महाग आणि बॉयलर ९० टक्के कार्यक्षम असेल, तर हंगामी (पूर्ण हिवाळ्याचा सरासरी) कार्यगुणांक २.७ च्या वर गेल्यावरच इंधनखर्च कमी होतो.

भूमिगत प्रकार : सुमारे १० मी. खाली जमिनीचे तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे दंवाचा प्रश्न येत नाही. बोअर गरजेपेक्षा उथळ घेतली, तर मात्र दर हिवाळ्यात भोवतालची जमीन आणखी थंड होत जाते आणि कार्यगुणांक वर्षागणिक घसरतो.