दहांवर एक, शंभरांवर एक: इथ्रोच्या सल्ल्यामागचा इतिहास

नेतृत्वाच्या प्रशिक्षणवर्गात बायबलचा विषय निघाला की पहिला मान बहुधा इथ्रोला मिळतो. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याचा हा सासरा, मिद्यान प्रदेशातला याजक. जावयाला भेटायला तो रानातल्या तळावर येतो आणि पाहतो तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक ताटकळत उभे आहेत आणि न्याय करायला माणूस एकच. अशाने तूही खचशील आणि लोकही, असे तो स्पष्ट बजावतो. मग तोडगा सांगतो: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम. किरकोळ तंटे त्यांनी मिटवावेत, अवघड तेवढे तुझ्याकडे यावेत. बायबलमधल्या 'निर्गम' या पुस्तकाच्या 18व्या अध्यायातला हा प्रसंग. व्यवस्थापनाचे शिक्षक इथ्रोला जगातला पहिला सल्लागार म्हणतात ते यावरूनच.

या तोडग्याची तक्त्यावरची आकृती देखणी दिसते. पण हिशेब मांडला तर चित्र वेगळे निघते. तालमूद या ज्यूंच्या धर्मग्रंथात तो मांडलेलाच आहे. सहा लाख पुरुष धरले तर हजारांवरचे नायक 600, शंभरांवरचे 6,000, पन्नासांवरचे 12,000 आणि दहांवरचे 60,000. एकूण 78,600, म्हणजे साधारण दर आठ पुरुषांमागे एक अधिकारी. ही रचना सुटसुटीतपणाचा नमुना म्हणून दाखवली जाते, तेव्हा हा आकडा क्वचितच सांगितला जातो.

दशमान उतरंड मुळात लष्करी वळणाची आहे. प्राचीन इराणी फौजेत ती होती, मक्काबी या ज्यू घराण्याच्या बंडात होती, मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन ज्यू हस्तलिखितांच्या गुंडाळ्यांतही ती येते. मराठी वाचकाला शिवकाळातले नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी आठवतील. न्यायदानासाठी हीच पदे कशी आली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. इस्राएलात पुढे राजे झाले त्या काळात न्यायाधीश नेमले गेले आणि त्या व्यवस्थेला मोशेच्या काळातला आधार देण्यासाठी ही कथा सांगितली गेली, असा एक मतप्रवाह आहे.

खरा वाद आहे तो नायक निवडायचे कोणी, याचा. 'निर्गम' सांगते की सल्ला इथ्रोचा आणि निवड मोशेची. बायबलमधल्याच 'अनुवाद' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात मोशे स्वतः हीच हकीकत पुन्हा सांगतो, तेव्हा सासऱ्याचे नावसुद्धा निघत नाही. तिथे मोशे लोकांना म्हणतो की तुमच्या वंशांतली शहाणी, समंजस, माहितीतली माणसे तुम्हीच द्या, मी त्यांना नेमतो. लोक होकार देतात. 'गणना' या तिसऱ्या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात तिसरीच तऱ्हा आहे. तिथे मोशे ओझ्याने पिचून देवाकडेच तक्रार करतो आणि 70 वडीलधाऱ्यांवर भार वाटला जातो. निकषही बदलतात. इथ्रो कर्तबगारी, देवाचे भय, सचोटी आणि लाचेचा तिटकारा मागतो, तर 'अनुवाद' शहाणपण आणि लोकांमधली ओळख मागतो. वरून नेमणूक की खालून निवड, हा तपशिलातला किरकोळ फरक नाही. गेल्या साडेतीन-चार शतकांत कोणी कोणता अध्याय उघडला, यावर त्याच्या हातून काय उभे राहिले हे ठरले.

उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत हे लख्ख दिसते. 31 मे 1638 रोजी कनेक्टिकट वसाहतीतल्या हार्टफर्डमध्ये एका प्युरिटन (कर्मठ प्रोटेस्टंट) धर्मोपदेशकाने प्रवचनाला 'अनुवाद'मधलेच वचन घेतले आणि अधिकारी निवडण्याचा हक्क लोकांचा आहे, असे मांडले. जानेवारी 1639 मध्ये कनेक्टिकटने लिखित नियमावली स्वीकारली. तिच्यात गव्हर्नर दरवर्षी निवडायचा होता आणि एकाच माणसाला दोन वर्षांतून एकदाच ते पद मिळणार होते. नेतृत्वाच्या चर्चेत या प्रवचनाला इथ्रोच्या निम्मेही स्थान मिळत नाही, आणि हे मला अन्यायाचे वाटते.

शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये 'निर्गम' शब्दशः उतरवला गेला. 1651 मध्ये नॅटिक या गावात ख्रिस्ती झालेल्या मूळनिवासींनी शंभरांवर एक, पन्नासांवर दोन आणि दहांवर दहा नायक निवडले. माणसे त्यांनी निवडली, पण आराखडा त्यांचा नव्हता. तो त्यांच्यात काम करणाऱ्या इंग्रज मिशनऱ्याचा होता. साऱ्या इंग्लंडनेच ही व्यवस्था घ्यावी, असे त्याचे पुस्तक लंडनला 1659 मध्ये छापले गेले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात राजेशाही परत आली आणि 1661 मध्ये वसाहतीच्या सरकारने त्या पुस्तकाच्या प्रती जप्त करायला लावल्या. लेखकाला आपले म्हणणे जाहीरपणे मागे घ्यावे लागले. 1847 मध्ये अमेरिकेत पश्चिमेकडे निघालेल्या मॉर्मन पंथाच्या तांड्यांनीही शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर कप्तान नेमले.

विसाव्या शतकात कारखाने आणि कचेऱ्या फुगत गेल्या, तसा प्रश्न एवढाच उरला की एका साहेबाच्या हाताखाली किती माणसे असावीत. 1921 मध्ये एका ब्रिटिश सेनापतीने तीन ते सहा असे उत्तर दिले. 1933 मध्ये गणिताने दाखवले गेले की हाताखाली पाच माणसे असतील तर परस्परसंबंध 100 होतात आणि सहावा आला की 222. अशा वेळी पाठ्यपुस्तकांना मोशेचा तक्ता सोयीचा वाटला. त्यांनी अध्याय घेतला तो 'निर्गम'मधला, म्हणजे वरून नेमणुकीचा, आणि त्यातूनही आकडे घेतले. लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवड, ही त्याच वाक्यातली अट मात्र मागे पडली.

त्याची किंमत सोलमध्ये दिसली. 1964 मध्ये तिथल्या एका वाढत्या चर्चचा पाळक अतिश्रमाने कोसळला. अंथरुणात त्याला इथ्रो आठवला आणि घरोघरी छोटे गट करायचे ठरले. पुरुष कार्यकर्त्यांनी नकार दिला तेव्हा बायकांनी गट चालवायला घेतले. त्या काळच्या कोरियात ही लहान गोष्ट नव्हती. त्या गटांच्या बळावर मंडळी लाखोंच्या घरात गेली आणि हा नमुना जगभर नेला गेला. 2014 मध्ये चर्चच्या पैशाच्या व्यवहारात विश्वासभंग केल्याबद्दल न्यायालयाने त्याच पाळकाला दोषी ठरवले. शिक्षा स्थगित झाली. हजारो गटप्रमुख खालच्या कामाचा हिशेब वर देत होते, पण वरच्याकडून हिशेब मागायची पायरी त्या रचनेत कुठेच नव्हती. इथ्रोच्या सल्ल्यातही ती नाही.