ऊसतोड मजुरी (बीड जिल्हा)

बीड जिल्ह्यातील भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडून साखर कारखान्यांच्या ऊसपट्ट्यात जातात, चार-पाच महिने ऊस तोडतात आणि ‘पट्टा पडला’ की परततात. पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचे गाळप संपणे. राज्यातील ऊसतोड कामगारांची संख्या दहा ते बारा लाखांच्या घरात सांगितली जाते आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा बीडचा मानला जातो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे शेजारच्या अहिल्यानगरचे तालुके, तसेच जालना, परभणी, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांतूनही टोळ्या निघतात. पण ‘ऊसतोड कामगारांचा जिल्हा’ ही ओळख बीडलाच चिकटली आहे.

या मजुरीची सारी गुंतागुंत ‘उचल’ या एका शब्दात आहे. उचल म्हणजे मजुरीपोटी घेतलेली आगाऊ रक्कम : इथे पैसा आधी येतो आणि काम मागून होते. त्यामुळे या कुटुंबांच्या मिळकतीचा हिशोब मांडायचा तर दिवाळीपासून सुरुवात करून चालत नाही, तो आदल्या पावसाळ्यापासून मांडावा लागतो.

जमीन आणि पाणी

जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८५,०४९ होती. सुमारे ऐंशी टक्के लोक खेड्यांत राहणारे. उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तिच्या काठचा गेवराई-माजलगावचा पट्टा काळ्या जमिनीचा आणि बऱ्यापैकी पाण्याचा. दक्षिणेला चढत गेलेली बालाघाटाची रांग मात्र मुरमाड, उथळ मातीची. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज आणि परळीचा डोंगरपट्टा ही ऊसतोडीची खरी गावे. दोन-चार एकर कोरडवाहू रान, त्यात बाजरी, तूर, कापूस, अलीकडे सोयाबीन. सीताफळ डोंगरात आपोआप येते. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण खरिपाचा माल घरात आला की या रानात पुढचे सात-आठ महिने दोन माणसांना पुरेल असे काम उरत नाही.

जिल्ह्यात स्वतःचे साखर कारखाने आहेत आणि ऊसही आहे. तरी बीडचा मजूर मुख्यतः कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि सीमेपलीकडे कर्नाटकात जातो. याचे कारण इतिहासात आहे. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नेमक्या त्याच सुमारास प्रवरेच्या काठी लोणीला सहकारी साखर कारखान्याची जुळवाजुळव चालली होती. १९५० मध्ये तो सुरू झाला आणि पश्चिम महाराष्ट्रात धरण, कालवा, कारखाना ही साखळी उभी राहिली. ऊस लावणारा बागायतदार स्वतः तोडणीला उतरत नव्हता. पलीकडे कोरड्या रानात रिकामे हात होते. १९७२ च्या दुष्काळाने हे हात मोठ्या संख्येने कोयत्याकडे वळवले. २०१२-१३ आणि २०१४ ते २०१६ या दुष्काळी वर्षांत तर एरवी न जाणारे शेतकरीही गाड्यांत चढले. वंजारी, बंजारा, मराठा, धनगर, दलित अशा सर्वच समाजांची माणसे या कामात आहेत.

उचल, मुकादम, कोयता

कारखाना मजुराला थेट कामावर घेत नाही. तो वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाला गाठतो आणि मुकादम गावातून टोळी बांधतो. मुकादम बहुधा मजुरांच्याच गावचा, कित्येकदा भावकीतला. जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे पेरणी, शाळेचे प्रवेश आणि आजारपणे एकदम अंगावर येतात तेव्हा, तो उचलीचे पैसे घेऊन दारात येतो. अलीकडच्या हंगामांत एका कोयत्यामागे उचल पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही जाते.

‘कोयता’ हे इथे मोजणीचे एकक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. भाषेने बाईची मजुरी नवऱ्याच्या कोयत्यात विरघळवून टाकली आहे. उचल त्याच्या हातात पडते, अंगठा किंवा सही त्याची असते, हिशोब त्याच्या नावावर होतो. तोडणीचे अर्ध्याहून कमी काम तिच्याकडे असते असे कुणीही म्हणणार नाही.

दर टनावर ठरतो. कामगार संघटना आणि साखर संघ यांच्या वाटाघाटीतून काही वर्षांसाठी तो निश्चित होतो आणि त्याआधी बहुधा कोयता बंद ठेवण्याचा इशारा दिला जातो. बबनराव ढाकणे आणि पुढे परळीजवळच्या नाथ्राचे गोपीनाथ मुंडे यांचे राजकारण या संपांतून आणि वाटाघाटींतून घडले. २०२० मध्ये १४ टक्के वाढ होऊन दर टनाला सुमारे २७३ रुपये झाला. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने ३४ टक्के वाढ दिली व तो ३६६ रुपयांच्या आसपास आला. मुकादमाचे कमिशन याच वेळी १९ वरून २० टक्क्यांवर गेले.

आता हिशोब. धडधाकट जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडून, मोळ्या बांधून गाडीत भरते. दोन टन धरले तर दिवसाचे ७३२ रुपये, माणशी ३६६. दिवस बारा-चौदा तासांचा. १२० दिवस एकही खाडा न होता काम झाले, तर २४० टनांचे ८७,८४० रुपये होतात. लाखाची उचल घेतलेल्या जोडप्याची एवढे करूनही बारा हजारांची बाकी राहते, आणि ती पुढच्या हंगामाच्या उचलीत चढते. प्रत्यक्षात खाडा होतोच. ताप, पाळी, गावाकडचे मयत, यंत्र बिघडून कारखाना थांबणे, अवकाळी पाऊस. कारण काहीही असो, तो दिवस मजुरीत धरला जात नाही आणि अनेक टोळ्यांत वरून दंडही बसतो.

उचल फिटली की नाही हे मजुराला शेवटी कळते. वजन कारखान्याच्या काट्यावर होते, पावती गाडीबरोबर फिरते, नोंद मुकादमाच्या वहीत. काटामारीची तक्रार ऊस घालणारे शेतकरीही करतात. पण शेतकऱ्याच्या हातात निदान बिल येते.

मुकादमाला खलनायक ठरवून हा विषय संपवता येत नाही. टोळी पळाली तर ठेकेदाराचे पैसे त्याच्या अंगावर येतात, त्याची जमीन अडकते. उचल घेऊन मजूर आलाच नाही असे दरवर्षी घडते, आणि उचल बुडवल्याच्या संशयावरून माणसे डांबून ठेवल्याचे गुन्हेही नोंदले जातात. वेठबिगार पद्धत १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. उचलीचा व्यवहार त्या कायद्याच्या किती जवळ जातो, हे प्रत्येक प्रकरणात तपासावे लागते.

फडावरचा दिवस

तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला नाही तर त्याचे वजन व साखरेचा उतारा घटतो. कारखान्यात ऊस जिथे टाकतात त्या गव्हाणीला थांबून चालत नाही, म्हणून कोयत्यालाही चालत नाही. टोळीत तीन प्रकार असतात. स्वतःचे बैल घेऊन येणारे ‘गाडीवान’ कारखान्याकडून टायरगाडी घेतात, तोडतात आणि वाहतूकही करतात. ट्रॅक्टर किंवा ट्रक भरून देणाऱ्यांना ‘डोकी सेंटर’ म्हणतात, कारण मोळी डोक्यावरून जाते. अलीकडे ट्रॅक्टरला छोट्या गाड्या जोडलेले ‘जुगाड’ही दिसते.

बाई पहाटे तीन-चारला उठते. चूल, भाकरी, पाणी, आणि उजाडायच्या आत फड. पुरुष बुंध्याशी वाकून ऊस छाटतो. ती पाचट सोलते, वाढे तोडते, उसाचेच पाते पिळून त्याचा बंध करते आणि मोळी आवळते. मग चाळीस-पन्नास किलोचे ओझे डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढायचे. रात्री-अपरात्री वाहन आले तर तेव्हा भरायचे. राहायला कोपी : बांबूच्या कामट्या, वर ताडपत्री किंवा पाचट, दाराला साडी. न्हाणी नाही, संडास नाही. पाणी मिळेल तिथून.

हंगामात हातात रोख येते ती ‘खर्ची’ची, आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या बाजारापुरती, आणि तीही हिशोबात वळती होते. दुसरी आवक वाढ्यांची. उसाचे हिरवे शेंडे पेंढ्या बांधून गवळ्यांना विकले की तेल-मिठाचे भागते. उचलीशी न बांधलेला हा बहुधा एकमेव पैसा, आणि पुष्कळ टोळ्यांत तो बाईच्या हातात राहतो.

बायकांचे आरोग्य

२०१९ मध्ये बीडमधील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या काळात ८२,३०९ महिलांचे सर्वेक्षण झाले. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींत एक. राज्यातील प्रजननवयातील स्त्रियांत हे प्रमाण त्या सुमारास तीन टक्क्यांच्या आसपास होते. पाळीत खाडा होऊ नये म्हणून बायका पिशवी काढून घेतात, असे तेव्हा सर्रास छापून आले. ते अर्धेच खरे आहे. अंगावरून जाणे, जंतुसंसर्ग, ओटीपोटाचे दुखणे ही फडावरच्या जगण्याची दुखणी. त्यांवर स्वस्त आणि सलग उपचार गावात नव्हते. खासगी दवाखान्यात ‘कॅन्सर होईल’ ही भीती घातली जाई. शस्त्रक्रियेसाठी लागणारे पैसेही पुन्हा उचलीतूनच येत. या गदारोळानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियांना पूर्वपरवानगीची अट आली.

लग्नाचे वयही कोयत्याच्या हिशोबात अडकले आहे. अर्ध्या कोयत्याला उचल कमी मिळते, आणि वयात आलेली मुलगी मागे गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची हा आईबापांपुढचा प्रश्न असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते.

मुले आणि मोजदाद

हंगाम आणि शाळेचे दुसरे सत्र एकाच वेळी चालतात. १९९० च्या दशकात कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या, पुढे त्या बहुतांशी मागे पडल्या. मुले आजी-आजोबांकडे गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय झाली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये घेण्याचे ठरले. वसतिगृह मिळाले तरी सांभाळायचे लेकरू तान्हे असेल, तर त्याला राखायला थोरल्या बहिणीला फडावर न्यावेच लागते.

सरकारी आकड्यांत ही माणसे नीट सापडत नाहीत, याला एक साधे कारण आहे. जनगणनेची शिरगणती फेब्रुवारीत होते. २०११ ची ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. त्या वेळी ही गावे ओस असतात, ओट्यावर म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे. शिवाय वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी काम करणाराला जनगणना ‘सीमांतिक’ कामगार मानते. पाच महिने दिवसाला चौदा तास राबलेली बाई, उरलेले वर्ष घरच्या रानात केलेले काम तिने काम म्हणून सांगितले नाही तर, कागदावर सीमांतिक ठरते.

पर्याय

१९७७ च्या कायद्याने महाराष्ट्राने रोजगाराची हमी दिली, पुढे तीच कल्पना देशभर गेली. २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. माणशी पाहता ऊसतोडीपेक्षा फार कमी नाही, घरही सोडावे लागत नाही. तरी लोक कोयता धरतात, कारण हमीचा पैसा काम झाल्यावर, कधी कधी महिन्यांनी, दोन-तीन हजारांच्या तुकड्यांत खात्यावर येतो. पोरीचे लग्न, आईचे ऑपरेशन, बोअरची मोटर तुकड्यांत होत नाही. उचल म्हणजे या भागातल्या गरिबाला बिनतारण मिळणारे सर्वांत मोठे कर्ज. बँक ते देत नाही, मुकादम देतो. तारण म्हणून दोन माणसांचे पाच महिने घेतो.

ज्या गावांत पाणलोटाची कामे धड झाली, तिथे टोळ्या कमी झाल्या. काही घरांतली मुले पुणे, चाकणच्या कारखान्यांत, चालक म्हणून किंवा पोलीस भरतीत गेली आणि कोयता सुटला. शिकलेला मुलगा नोकरीची वाट पाहत घरी आणि आईबाप फडावर, असेही चित्र पुष्कळ घरांत आहे.

तोडणी यंत्रांची संख्या मात्र वाढते आहे. २०२३ मध्ये राज्याने ९०० यंत्रांसाठी अनुदानाची योजना आणली. यंत्राला साडेचार-पाच फुटांची सरी, सलग मोठे क्षेत्र आणि कोरडी जमीन लागते. असे फड आधी यंत्राकडे जातात. कोयत्याच्या वाट्याला उरतात ते लहान तुकडे, चिखलातले, वाऱ्याने लोळलेल्या उसाचे. तिथे एक टन तोडायला दीडपट वेळ लागतो. दर तोच असतो.