लोलिंबराज : कविता आणि वैद्यकी यांच्या जुन्या नात्याची पार्श्वभूमी

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी ‘आयपीएच’ ही संस्था याच शहरात स्थापन केली. कवितेचा मनाच्या उपचाराशी काय संबंध, हा प्रश्न ठाणेकरांना त्यामुळे परका नाही. त्याचे उत्तर देताना बहुधा अमेरिकेकडे बोट दाखवले जाते. तेथे एली ग्रायफर या कवीने १९२८ च्या सुमारास काव्योपचाराचा ध्यास घेतला आणि पुढे जॅक लीडी या मनोविकारतज्ज्ञाने त्याला वैद्यकीय बैठक दिली. हे काम मोलाचे आहेच. पण मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून गेले की ज्या जुन्नरच्या मुलखात आपण पोचतो, तेथील एका वैद्यकवीचा या संदर्भात उल्लेखही होऊ नये, याची खंत वाटते.

हा कवी म्हणजे लोलिंबराज. सप्तशृंगीच्या उपासनेतून त्यांना कवित्व लाभले, अशी आख्यायिका आहे. ‘हरिविलास’ हे त्यांचे काव्य कृष्णचरित्रावर आहे, तर ‘वैद्यजीवन’ हा ग्रंथ चिकित्सेवर. शास्त्र पद्यात सांगण्याची रीत त्यांच्या फार आधीची. वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ पद्यातच आहे, कारण पाठांतरावर चालणाऱ्या विद्येला वृत्ताचा आधार लागे. लोलिंबराजांनी मात्र त्या पद्यात शृंगाररस आणला. ज्वरापासून सुरू होणाऱ्या पाच विलासांत, म्हणजे प्रकरणांत, काढे आणि औषधे ते प्रियेला संबोधून सांगतात. परंपरेने ही प्रिया म्हणजे त्यांची पत्नी रत्नकला मानली आहे.

त्यांचा पथ्याचा श्लोक पाहावा. पहिली ओळ ‘पथ्ये सति’ अशी सुरू होते, दुसरी ‘पथ्येऽसति’ अशी, आणि पुढचे शब्द दोन्हींत तेच. पथ्य पाळले तर रोग्याला औषध कशाला, आणि पाळले नाही तर औषधाचा उपयोग काय? कानाला दोन्ही ओळी एकच वाटतात, अर्थ मात्र उलटतो. मला यात निव्वळ शब्दचमत्कृती दिसत नाही, कारण रोग्याच्या मनावर नेमके जे बिंबवायचे, तेच येथे यमकाने पक्के केले आहे.

तरीही त्यांना काव्योपचाराचे जनक म्हणणे अतिशयोक्त ठरेल. ग्रायफर यांच्या विचारात कविता थेट रुग्णाच्या हाती दिली जाते. ‘वैद्यजीवना’त ती आधी वैद्याच्या मुखी बसते आणि पथ्य सांगताना रुग्णाच्या कानी पडते.