वॉरंटी संपली म्हणून रिकॉल संपत नाही

जळगाव-धुळ्याच्या गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: "भाऊ, वॉरंटी संपली, आता कंपनी काय करणार?" एसी किंवा स्टिरिओपुरतं हे बरोबर आहे. सीट बेल्टच्या बाबतीत मात्र ते जिवावर बेतू शकतं.

वॉरंटी म्हणजे गाडी घेताना कंपनीने दिलेला शब्द. इतकी वर्षं किंवा इतके किलोमीटर, जे आधी भरेल ते. बिघाड तुम्हाला दिसायला हवा, गाडी तुम्ही न्यायला हवी. रिकॉलमध्ये बिघाड दिसण्याची वाटच बघत नाहीत. अमुक तारखांदरम्यान बनलेल्या गाड्यांत एखादा भाग सदोष असू शकतो, असं लक्षात आलं की कंपनी त्या गाड्या बोलावते, भाग तपासते आणि गरज पडली तर फुकट बदलून देते.

डिसेंबर २०२२ मध्ये मारुती सुझुकीने सियाझ, ब्रेझा, एर्टिगा, एक्सएल६ आणि ग्रँड विटारा अशा ९,१२५ गाड्या परत बोलावल्या. त्या २ ते २८ नोव्हेंबर २०२२ या काळात बनलेल्या होत्या. शंका होती पुढच्या बेल्टच्या एका छोट्या भागावर. दोन दारांमधल्या खांबावर, खांद्याजवळ, बेल्ट उंचीप्रमाणे वर-खाली सरकवायची सोय असते ना, तिच्यातला हा भाग. क्वचित प्रसंगी तिथून बेल्ट सुटण्याची शक्यता होती. असा दोष रोजच्या वापरात कळणार कसा? बेल्ट नीट ओढला जातो, बकल टक्कन बसतं, डॅशबोर्डवरचा दिवा विझतो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना समोर ट्रक आडवा येईपर्यंत सगळं ठीकच वाटतं. पुढच्याच महिन्यात ग्रँड विटाराच्या ११,१७७ गाड्या मागच्या बेल्टच्या ब्रॅकेटसाठी बोलावल्या गेल्या.

गाडी जुनी झाली की रिकॉल लागू होत नाही, हाही गैरसमजच. १९९५ मध्ये अमेरिकेत टकाटा कंपनीच्या बेल्टपायी ८० लाखांहून अधिक गाड्या रिकॉल झाल्या. बकलच्या लाल बटणाचं प्लॅस्टिक काळानुसार ठिसूळ होऊन त्याचे तुकडे आत पडत होते. गाड्या मुख्यतः १९८६ ते १९९१ च्या होत्या. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ नुसार सरकारही कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत त्यासाठी सात वर्षांची मर्यादा आहे, पण कंपनी स्वतःहून त्याहून जुन्या गाड्याही बोलावू शकते.

खान्देशात खरी अडचण जुन्या बाजारातल्या गाड्यांची आहे. सुरत, पुणे, मुंबईहून गाडी येते आणि रिकॉलचा फोन किंवा पत्र पहिल्या मालकाकडे जातं. रिकॉल जोडलेला असतो चेसिस नंबरला. आरसीवरचा हा १७ अक्षर-अंकांचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका, नाहीतर अधिकृत सर्व्हिस सेंटरला सांगा. गाडीवर रिकॉल बाकी आहे का, ते तिथे कळतं. जुनी गाडी घेणाऱ्याने बयाणा देण्याआधीच हे करावं, असं माझं ठाम मत आहे.

बेल्टचा प्रत्येक बिघाड मात्र रिकॉलमध्ये बसत नाही. धुळीने आणि घामाने मळलेला पट्टा हळू गुंडाळला जातो, कडेचे धागे निघतात. ही झीज आहे, वॉरंटी संपल्यावर तिचा खर्च आपलाच. फाटलेला पट्टा चपलेच्या दुकानात शिवून आणू नका, आणि भंगारातला बेल्ट तर बसवूच नका. अपघातात ताण पडलेला बेल्ट बाहेरून धडधाकट दिसू शकतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-जावई घेऊन गाडी भरून निघते, तेव्हा मागची बकलं सीट कव्हरखाली दडपलेली असतात. ती आधी वर काढा आणि प्रत्येक बेल्ट झटक्याने ओढून बघा. तो अडकलाच पाहिजे. रिकॉलचं काम झालं असेल तर जॉब कार्डवर तशी नोंद मागून घ्या आणि तो कागद आरसीसोबत ठेवा, गाडी विकताना पुढच्या मालकाला देता येईल.