किराणा कोणता, भुसार कोणते?

पाटीवर 'किराणा-भुसार' असे जोडून लिहिलेले असते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. तसे नाही.

भुसार म्हणजे धान्य आणि कडधान्य: गहू, ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा. हा शब्द भुसाशी, संस्कृतातल्या 'बुस'शी जोडलेला आहे. मळणी झाली, भूस उडवले, की उरते ते भुसार. किराणा 'क्रयाणक' या शब्दावरून आला; अर्थ विकत घ्यायचा माल. मिरी, वेलदोडे, हिंग, सुपारी, खोबरे, साखर ही त्याची माणसे. 'किराया'शी त्याचे नाते नाही, तो अरबी. गाण्यातले किराणा घराणे तर कैराना गावावरून.

सीमेवर गोंधळ राहतोच. अख्खी तूर भुसारात, तिची डाळ दोन्हीकडे. गूळ धान्य नव्हे, तरी पुण्याच्या मार्केट यार्डात विभागाचे नाव 'गूळ-भुसार'.

फरक खरा कळतो साठवताना. भुसार हंगामात, वर्षाचे एकदम घेतलेले परवडते, पण ते कोरडे हवे. गव्हाचा दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे; चेपला तर ओल आहे. ओलावा 12 टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी आणि कीड दोन्ही कमी. उन्हातून काढलेला गहू गरम असतानाच कोठीत भरणे ही नेहमीची चूक: झाकण लावल्यावर कोठी निवते, आतली वाफ झाकणाला घाम धरते आणि वरचा थर कुबट होतो. रात्रभर सावलीत पसरून निववावा, मगच भरावा. किराण्याला हा हिशेब लागू नाही. दळलेल्या मसाल्यातले सुगंधी तेल उडून जाते, खोबरे खवट होते. ते महिन्यापुरतेच घ्यावे. मसाले अख्खे असतील तर जास्त टिकतात.

बिलातही फरक दिसतो. मसाले आणि साखर, सुटे असोत वा पाकिटातले, 5 टक्के जीएसटी. सुट्या धान्य-डाळींवर काही नाही. मात्र 18 जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या, 25 किलोपर्यंतच्या पाकिटांवर 5 टक्के आहे. म्हणजे गव्हाच्या 5 किलोच्या पिशवीवर कर, 30 किलोच्या कट्ट्यावर नाही. पण त्या कट्ट्यात 10-10 किलोची तीन लेबलवाली पाकिटे भरलेली असतील, तर कर लागतो.