डोबरमनचा मेंदू नाही, हृदय वाढतं

गेल्या महिन्यात मांजरीला घेऊन परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात रांगेत बसले होते. शेजारी एक काका पाच वर्षांचा डोबरमन घेऊन, तो आपलं डोकं माझ्या गुडघ्यावर टेकवून शांत उभा. तर समोरची बाई पोराला मागे ओढत म्हणाली, "जाऊ नको जवळ, यांचा मेंदू वाढत जातो, कवटीत मावेनासा झाला की वेडे होऊन मालकालाच फाडतात." हे मी चाळीत राहायचे तेव्हापासून ऐकतेय.

साफ खोटं आहे हे. पिल्लाच्या कवटीची हाडं सुटी असतात, मधे शिवणी असतात, मेंदू वाढताना ताण पडतो आणि शिवणीच्या कडेला नवीन हाड तयार होतं, म्हणजे मेंदूच आपली कवटी वाढवून घेतो. पहिल्या काही महिन्यांतच मेंदूची वाढ संपते, मग मावणार नाही कसा?

ही जात जर्मनीतल्या आपोल्डा गावची. कार्ल फ्रिडरिश लुई डोबरमन (1834-1894) करवसुली करायचा, भटकी कुत्री पकडायचंही काम त्याच्याकडे होतं, आणि सोबतीला धाडसी राखणदार हवा म्हणून त्याने ही जात तयार केली. नर 68 ते 72 सेंटिमीटर उंच, 40-45 किलो, काळ्या अंगावर भुवयांसारखे तांबूस ठिपके. कान जन्मतः लोंबतेच, ताठ दिसतात ते कापलेले. एका माणसासोबत राहायला घडवलेला, त्यामुळे घरात तो सावलीसारखा मागे मागे असतो.

खरा धोका छातीत आहे. डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू कमजोर होतो आणि कप्पा ताणून मोठा होतो, जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा. रक्त कमी पुढे ढकललं जातं, किडनीला वाटतं शरीरात रक्तच कमी झालंय, ती मीठ-पाणी धरून ठेवते, त्याने रक्ताचं आकारमान वाढतं, आधीच सैल कप्पा आणखी ताणला जातो, ताणला की आकुंचन आणखी कमी, की किडनी पुन्हा पाणी धरते, असं हे चक्र चालूच राहतं. शिवाय मेलेल्या स्नायूपेशींच्या जागी चिवट तंतू येतात, त्यातून विजेचा संदेश नीट जात नाही, मधेच जादा ठोके पडतात, आणि एखादा ठोक्यांचा लोंढा आला की धडधाकट कुत्रा जागीच कोसळतो. मग लोक नजर लागली म्हणून मिरच्या ओवाळतात, आणि डॉक्टरकडे न्यायचा मोलाचा वेळ त्यात जातो!

वर्षानुवर्षं बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून तीन-चार वर्षांचा झाला की दरवर्षी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि 24 तासांचा होल्टर (ठोक्यांची सलग नोंद) करायचा, छातीला पट्टा बांधून यंत्र लावतात, कुत्रा घरी आरामात फिरतो. लक्षणं दिसायच्या आधीच कप्पा मोठा झालेला सापडला तर पिमोबेंडन हे हृदयाचं औषध सुरू करता येतं, त्याने हार्ट फेल्युअर पुढे ढकललं जातं. काकांना हे सगळं रांगेतच सांगितलं. ते म्हणाले, नखं कापायला आणलाय, पण आता इकोचंही विचारतो.