विंचेस्टर मॉडेल १८९४

अमेरिकन बनावटीची लिव्हर-ॲक्शन शिकारी रायफल. शिकाऱ्यांच्या बोलण्यात नुसती ‘चौऱ्याण्णव’. जॉन मोझेस ब्राउनिंग यांनी तिचा आराखडा केला आणि न्यू हेवन (कनेक्टिकट) येथील विंचेस्टर कंपनीने ती बाजारात आणली. सत्तर लाखांहून अधिक नग तयार झालेली ही रायफल लष्करासाठी नव्हे, हरणाच्या शिकारीसाठी खपली.

चापाच्या कड्याला जोडूनच बोटे घालण्याएवढी पट्टी असते, तीच लिव्हर. ती खाली-पुढे ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि घोडा (काडतुसावर आघात करणारा भाग) चढतो. परत ओढली की नवे काडतूस नळीत बसते. ही युक्ती ब्राउनिंग यांची नव्हे. हेन्री रायफल (१८६०) आणि विंचेस्टरची १८६६ व १८७३ ची मॉडेले तीवरच चालत. पण ती काळ्या दारूची (जुन्या, धूर करणाऱ्या बंदुकीच्या दारूची) होती. मॉडेल १८९४ सुद्धा पहिल्या वर्षी काळ्या दारूच्या काडतुसांवरच निघाले. १८९५ मध्ये निकेल-पोलादी नळी आणि बिनधुराच्या दारूचे ‘थर्टी-थर्टी’ काडतूस आले, आणि तिचे खरे आयुष्य तेथून सुरू झाले.

कागदावर पाहिले तर हे काडतूस सामान्य आहे. काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक राहतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या टोपीवर (आघाताने पेटणाऱ्या बुडावर) आदळून बार उडण्याचा धोका, म्हणून गोळीचे नाक चपटे ठेवावे लागते. चपटी गोळी हवेत लवकर मंदावते, त्यामुळे दीडशे-दोनशे यार्डांपलीकडे तिचा भरवसा नाही. मात्र अमेरिकेच्या ईशान्येकडील दाट रानात हरीण दिसते तेच पन्नास-साठ पावलांवर. तिथे लांब पल्ल्याचे काय करायचे? त्यापेक्षा तीन किलोंच्या आसपास वजनाची, अंगाने चपटी, मधोमध एका मुठीत धरून दिवसभर हिंडता येणारी बंदूक सोयीची. तिच्या लोकप्रियतेचे श्रेय नेमाइतकेच या धरण्याला द्यावे लागते. डावखुऱ्यालाही ती तितकीच सहज चालते.

उणिवा उघड आहेत. जमिनीवर पालथे पडून लिव्हर चालवणे अवघड जाते. लष्करांची पसंती बोल्ट रायफलीला (हाताने दांडा मागे-पुढे सरकवून चालणाऱ्या) मिळण्यामागे हेही एक कारण. पुंगळी वरून उडत असल्याने दुर्बीण नळीच्या रेषेत बसत नसे. प्रतिस्पर्धी मार्लिनची रायफल पुंगळी बाजूने टाकत असल्याने दुर्बीणवाले गिऱ्हाईक तिकडे वळले. विंचेस्टरने पुंगळीला तिरका निकास (वर न उडता बाजूला पडण्याची सोय) दिला तो १९८२ मध्ये.

दहा लाखावी रायफल १९२७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना भेट देण्यात आली. १९६४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी घडाई सोपी केली गेली, काही भाग पत्र्याचे झाले, आणि ग्राहक संतापले. ‘चौसष्टपूर्व’ रायफलींना संग्राहक आजही जास्त पैसे मोजतात. या भेदाचा थोडा अतिरेक होतो, पण जुन्या रायफलीची लिव्हर हलवून पाहिली की तो समजतो.

काउबॉय चित्रपटांमुळे तिचा बोलबाला झाला असे म्हणतात, ते अर्धेच खरे: पडद्यावर बहुधा तिची धाकट्या काडतुसाची बहीण, मॉडेल १८९२, असते, तीही १८७० च्या दशकातील कथांत. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद पडला. विंचेस्टरच्या नावाने आता ही रायफल जपानमधील मिरोकू कंपनी बनवते.